लाकडी ठशातून बाज: जपानी पद्धतीने रेखाटन, कोरणी आणि छपाई

जपानी छापचित्रांतल्या शिकारी पक्ष्यांकडे पाहणारा माणूस आधी पिसांच्या कोरणीवर थक्क होतो. करायला बसल्यावर मात्र लक्षात येतं की पक्ष्याचा दरारा डोळ्याच्या वरच्या हाडात, नखांच्या काळ्यात आणि कोऱ्या सोडलेल्या कागदात असतो. पिसं कमीत कमी रेषांत भागतात. या लेखात एका बाजाचं पूर्ण छापचित्र आहे: बर्फ साचलेल्या पाइनच्या फांदीवर बसलेला प्रौढ बाज, चित्राचा आकार १९ × २६ सेंमी, म्हणजे जपानी 'चूबान' मापाच्या जवळपास. एका खेपेला २० प्रती धरून मापं दिली आहेत.

आधी दोन नमुने नीट पाहा

पहिला नमुना हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी छापचित्रकाराचा. १८५७ साली 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' (एदो म्हणजे आजचं टोकियो) या मालेत त्यानं फुकागावातल्या सुसाकीजवळच्या जुमान्त्सुबोचं चित्र काढलं, प्रकाशक उओया एइकिची. चित्राच्या वरच्या कडेला पंख पसरलेला प्रचंड गरुड खाली पाहतो आहे. खाली बर्फानं झाकलेली पाणथळ, पाण्यात तरंगणारं एक लाकडी टब आणि लांब त्सुकुबा डोंगर. पंखांच्या पिसांना ठसठशीत बाह्यरेषा आहे, प्रत्येक पिसाचा दांडा दिसतो आणि आभाळ वरून काळं होत येतं. सुरुवातीच्या उत्तम प्रतींत पिसांवर अभ्रकाची चमक आणि नखांवर सरस मिसळलेल्या शाईची तकाकी आढळते. ब्रुकलिन संग्रहालयाकडे ही पूर्ण माला आहे आणि मोठ्या आकारात ऑनलाइन पाहता येते.

दुसरा नमुना ओहारा कोसोनचा (१८७७–१९४५). कानाझावात जन्मलेला हा चित्रकार पक्षी आणि फुलं यांतच रमला. १९२६ पासून वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी तो 'शोसोन' या नावानं काम करू लागला. त्याच्या बाज-गरुडांना काळी बाह्यरेषा जवळपास नसतेच. रेष राखाडी असते आणि अंगाचा गोलावा रंगाच्या चढउतारानं येतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याच्या कामाचा मोठा संग्रह आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यानं कोसोनची वाट धरावी असं माझं ठाम मत आहे. हिरोशिगेच्या गरुडात एक रेष तुटली तरी लगेच दिसते. कोसोनच्या पद्धतीत कोरणीवरचा भार कमी होतो, छपाईवरचा वाढतो, आणि छपाईतली चूक पुढच्या कागदावर सुधारता येते. ठशातली सुधारता येत नाही.

पक्षी नक्की कोणता, हे रेखाटनाआधी ठरवा

एदो काळातल्या (१६०३–१८६८) चित्रांत सर्वांत जास्त दिसतो तो बाज, कारण सरदारांच्या शिकारीचा पक्षी तोच होता. पहिला तोकुगावा शोगुन (लष्करी शासक) इएयासू याला या शिकारीचा मोठा नाद होता. पुढे बंद पडलेली ही प्रथा आठवा शोगुन योशिमुने यानं १७१६ नंतर पुन्हा सुरू केली. नववर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी, बाज आणि वांगं दिसणं शुभ, ही समजूतही याच पक्ष्याभोवतीची. म्हणून दांडीवर रंगीत दोरीनं बांधलेला बाज चित्रांत वारंवार येतो.

प्रौढ बाजाच्या छातीवर आडवे बारीक राखाडी पट्टे असतात, पाठ निळसर राखाडी, डोळ्यावर पांढरी भुवई, बुबुळ नारिंगीकडे झुकणारं. कोवळ्या बाजाचं अंग तपकिरी असतं, छातीवर उभे थेंब असतात आणि डोळा पिवळा असतो. आडवे पट्टे आणि तपकिरी पाठ एकाच पक्ष्यात घातली, तर पक्षी ओळखणाऱ्याला ती चूक पहिल्या नजरेत कळते. बहिरी ससाणा करायचा असेल तर डोळा गडद, गालावर काळी मिशी, चोचीच्या कडेला दातासारखा खाचा आणि बसल्यावर शेपटीच्या टोकापर्यंत येणारे लांब पंख. सोनेरी गरुडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, बाजाचा पाय खालच्या भागात उघडा, पिवळा.

शेपटीत १२ पिसं असतात, पण बसलेल्या बाजाची मिटलेली शेपटी काढताना दोन-तीन पिसांच्याच कडा दाखवा. शेपटीवर ४–५ रुंद गडद पट्टे येतात. पंजाची तीन बोटं पुढे, एक मागे. मागच्या बोटाचं आणि आतल्या बोटाचं नख सगळ्यांत मोठं काढा. चारही नखं सारखी काढली की पंजा कोंबडीचा वाटतो.

डोळ्यावर वेळ घालवा. शिकारी पक्ष्याच्या डोळ्यावर हाडाची छपरी असते आणि ती बुबुळाचा वरचा भाग कापते. वर्तुळ पूर्ण गोल काढलं की बाजाचं पारवं होतं. १९ × २६ च्या चित्रात डोळा जेमतेम ५–६ मिमी येतो, त्यातला वरचा पाचवा हिस्सा सरळसर रेषेनं छाटा. प्रकाशाचा ठिपका कोरा कागद म्हणून सोडायचा असतो, त्यामुळे तो पिवळ्या आणि काळ्या दोन्ही ठशांत खोदलेला हवा. एकात विसरलात तर तिथे पांढऱ्याऐवजी पिवळा ठिपका येईल.

लाकूड, हत्यारं, कागद

जपानी कारागीर डोंगरी चेरीची उभ्या रेषांची फळी वापरत. ती आपल्याकडे सहज मिळत नाही. पर्याय म्हणून शिना प्लाय (जपानी लिंडन लाकडाचं प्लायवुड) मागवा किंवा लाकडाच्या वखारीतून बारीक पोताचं बीच घ्या. सागवान टाळा: त्याची छिद्रं मोठी असतात, तेलकटपणामुळे पाण्याचा रंग एकसारखा बसत नाही आणि सपाट भागात लाकडाच्या रेघा उमटतात. एमडीएफ पाण्यानं फुगतं. २४ × ३४ सेंमीचे चार तुकडे पुरतात, दोन्ही बाजू वापरायच्या.

हत्यारांत तिरप्या पात्याची सुरी, ३ मिमीची गोल पटाशी, ६ आणि १२ मिमीच्या सपाट पटाश्या आणि खुणांसाठी १५ मिमीची सरळ पटाशी. सुरीला दर अर्ध्या तासानं धार द्या. बोथट सुरी लाकूड कापत नाही, दाबते. दाबलेली रेष ओल लागली की फुगते आणि छपाईत जाड उमटते.

कागद कोझोच्या (कागदी तुतीच्या) धाग्यांचा हवा. जपानमधल्या एचिझेन भागातला 'होशो' कागद उत्तम, पण महाग. सरावाला साधा कोझो कागद घ्या. कागदाला सरस-तुरटीचं अस्तर हवं, त्याला 'दोसा' म्हणतात. तयार अस्तर नसेल तर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सरस रात्रभर भिजवा, सकाळी उकळी न आणता गरम करून विरघळवा, मग १० ग्रॅम तुरटी वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून घाला. कोमट असतानाच रुंद ब्रशनं एका दिशेनं ओढा आणि दोरीवर वाळवा. अस्तर कमी पडलं तर रंग रेषेबाहेर पसरतो आणि बाजाच्या छातीचे पट्टे धुरकट होतात. तुरटी जास्त झाली तर कागद पुढे पिवळा, ठिसूळ होतो. सरस उकळला की त्याची पकड जाते, म्हणून तापमानावर लक्ष ठेवा.

कागद २३ × ३२ सेंमीचे कापा. एक कोपरा अचूक काटकोनात असायलाच हवा. त्याच्या मागे पेन्सिलीची हलकी खूण करा. छपाईत तोच कोपरा दर वेळी खुणेत बसवायचा आहे.

रेषेचा ठसा

पातळ कागदावर फक्त मूळ रेषा उतरवा: चोच, डोळा, पंजे, खांद्याची आणि पंखांची कड, पंखातल्या मोठ्या पिसांची टोकं, फांदी, पाइनच्या सुया. छातीची बाह्यरेष सोडून द्या. तिथे राखाडी रंगाची कड पुरेल, आणि रेष घातली की छाती फळीसारखी सपाट दिसते.

ठशावर तांदळाच्या खळीचा पातळ हात फिरवा आणि रेखाटन उताणं न ठेवता पालथं चिकटवा, म्हणजे चित्र उलटं येईल. कागद ओढू नका. ओला कागद ताणला जातो आणि एका दिशेला जास्त ताणला जातो. अर्धवट वाळल्यावर ओलसर बोटानं मागचा थर हलके गोळा करत काढा, रेषा स्पष्ट होतील. पूर्ण वाळल्यावर तिळाच्या तेलाचा थेंब चोळला की उरलेला कागद पारदर्शक होतो.

लाकडाच्या रेघा चित्राच्या उंचीच्या दिशेनं ठेवा. बाजाची पाठ, पंख आणि शेपटी उभ्याच असतात, त्यामुळे त्यांच्या रेषा तुटत नाहीत.

सुरी मुठीत धरा, दुसऱ्या हाताचं बोट पात्यापाशी आधाराला ठेवा. पातं रेषेपासून बाहेर कलतं ठेवायचं. रेषेच्या दोन्ही बाजूंना असा काप घेतला की रेष वर बारीक आणि खाली रुंद राहते, डोंगराच्या धारेसारखी. उभा काप घेतला तर ०.३ मिमीची रेष पहिल्या दहा प्रतींत उडते. पिसांच्या रेषा ०.३ ते ०.५ मिमी, चोचीची कड त्याहून किंचित जाड.

जपानी कार्यशाळेत डोकं कोरायचं काम सगळ्यांत अनुभवी कारागिराकडे असे आणि बाकी अंग शिकाऊंकडे. एकट्यानं काम करताना क्रम उलटा ठेवा: आधी फांदी कोरा, मग पंख, हात बसल्यावर डोळा आणि चोच. पाइनच्या सुया टोकाकडून बुंध्याकडे कापा, नाहीतर टोक भुगा होतं.

रेषांजवळ २ मिमी खोल, मोकळ्या भागात ४–५ मिमी खोल खोदा. आभाळाच्या मोठ्या मोकळ्या जागेत खोली कमी पडली तर दाब देताना ओला कागद खाली बसतो आणि मधोमध डाग पडतो.

केन्तो: जुळणीच्या खुणा

सगळे रंग एकावर एक नेमके बसतात ते दोन खाचांमुळे. ठशाची लांब बाजू आपल्याकडे करा. उजव्या खालच्या कोपऱ्यात एल आकाराची खाच, त्याच बाजूला डाव्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर सरळ खाच. खोली कागदाच्या जाडीएवढी, फार तर १ मिमी. जास्त खोल केली तर कागद आत घसरतो आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबतो.

या खुणा रेषेच्या ठशावरच कोरा आणि त्यांनाही शाई लावून पातळ कागदावर आठ-दहा प्रती काढा. प्रत्येक प्रतीत एका रंगाची जागा लाल पेन्सिलीनं भरा आणि ती प्रत त्या रंगाच्या ठशावर पालथी चिकटवा. खुणाही त्याच प्रतीतून कोरायच्या. पट्टीनं मोजून नव्यानं खुणा काढण्याचा मोह टाळा: चिकटवताना कागद थोडा ताणला असेल तर प्रतीतली खूणही त्यासोबत सरकलेली असते, पट्टीची खूण सरकत नाही.

रंगाचे ठसे

या चित्राला रेषेखेरीज सात ठसे लागतात. पिवळा (बुबुळ, चोचीचं मूळ, पाय), अंगाचा फिका राखाडी, पाठीचा गडद राखाडी, छातीचे पट्टे, आभाळ, तकाकीचा काळा (नखं, चोचीचं टोक, बाहुली) आणि बर्फाचा कोरा उठाव. पिवळा आणि काळा एकाच फळीवर चालतात, मात्र दोन्ही भागांत ३ सेंमी तरी अंतर हवं. पायांचा पिवळा आणि नखांचा काळा चिकटून असल्यानं ते वेगळ्या बाजूंवर घ्या. रंगाची कड रेषेच्या आत किंचित शिरू द्या, बरोबर रेषेवर थांबवली की पांढरी फट दिसते.

पट्ट्यांचा ठसा हे या चित्रातलं सगळ्यांत नाजूक काम. पट्टे लाकडाच्या रेघांना आडवे जातात, म्हणून ०.६ मिमीहून बारीक नकोत. ते सलग काढू नका. प्रत्येक पट्टा पिसागणिक तुटतो आणि छातीच्या गोलाव्यानुसार मधे खाली झुकतो. कडेकडे पट्टे जवळजवळ आणा, मधे विरळ ठेवा, गळ्याखाली लहान आणि पोटाकडे रुंद.

खळ, रंग आणि ओल

१ भाग तांदळाची पिठी ५ भाग पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गाळून घ्या. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या. रंगात खळ कमी पडली तर सपाट भागात ठिपके उरतात, जास्त झाली तर ब्रशच्या रेघा उमटतात आणि कागद ठशाला चिकटतो. अंगाच्या ठशाला अर्धा चमचा पातळ रंग आणि हरभऱ्याएवढी खळ, आभाळाला त्याच्या दुप्पट.

राखाडीसाठी सुमी शाईत (काजळीची जपानी काळी शाई) प्रशियन निळ्याचा अगदी थेंब. हाच निळा १८३० च्या सुमारास जपानी छापचित्रांत मोठ्या प्रमाणावर आला. रेषेच्या ठशाला पातळ सुमीत किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) घाला, निव्वळ काळी रेष कोसोनच्या वळणाला जड पडते.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी कोऱ्या वृत्तपत्री कागदाचे ताव पाण्याच्या ब्रशनं ओले करा. एक ओला ताव, दोन छपाईचे कागद, पुन्हा ओला ताव, असा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली रात्रभर ठेवा. सकाळी कागद गालाला गार आणि मऊ लागावा, पण पाण्याची चमक दिसू नये. चमक दिसली तर मधे कोरडे ताव घालून अर्धा तास थांबा. विदर्भाच्या किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात कागद हातातच सुकतो आणि आक्रसतो, पंखा बंद ठेवा आणि गठ्ठा झाकूनच एकेक कागद काढा. कोकणात पावसाळ्यात उलट त्रास: तिसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके येतात. काम दोन दिवसांत संपणार नसेल तर गठ्ठा फ्रीजरमध्ये ठेवा.

छपाईचा क्रम

ठसा आधी ओल्या फडक्यानं पुसा. कोरडा ठसा पहिल्या दोन-तीन प्रतींचा रंग पिऊन टाकतो, म्हणून त्या प्रती रद्दी कागदावर काढा. रंग आणि खळ ठशावरच ब्रशनं गोल फिरवून मिसळा, शेवटचे हात लाकडाच्या रेघांच्या दिशेनं हलके. कागद उजव्या खाचेत बसवा, मग डाव्या खाचेला टेकवा, मग सोडा. वरून बारेन (कागद मागून घासायची सपाट गोल चकती) फिरवा. बांबूच्या सालीचं बारेन दर काही प्रतींनी तेलाच्या फडक्यावर घासत जा. बारेन नसेल तर सपाट लाकडी चमचा रेषेला चालतो, आभाळाला नाही, त्याचे पट्टे उमटतात.

१. रेषेचा ठसा, हलक्या दाबानं. जोर दिला तर रेषेची कड कागदात रुतते आणि दुहेरी दिसते.

२. पिवळा.

३. अंगाचा फिका राखाडी. छाती आणि मांडीचा आतला भाग कोरा राहतो.

४. पाठीचा गडद राखाडी, बोकाशीसह (म्हणजे रंग गडदकडून फिक्याकडे विरवत). ठशावर शेपटीकडचा भाग ओल्या फडक्यानं भिजवा, रंग फक्त खांद्याकडे ठेवा आणि ब्रश त्याच रेषेत पुढेमागे चालवा, म्हणजे खांदा गडद राहून रंग खाली विरत जाईल. विरणारी कड कडक आली तर पाणी कमी पडलं, ढगासारखी फुटली तर जास्त झालं. एका हातात खोली येत नाही. पातळ रंगाचे दोन थर द्या, एका जाड थरापेक्षा ते कितीतरी स्वच्छ दिसतात.

५. छातीचे पट्टे, फिक्या राखाडीत. इथे शाई फार पाणीदार नको.

६. आभाळ, वरच्या कडेला गडद आणि बाजाच्या डोक्यापाशी जवळपास कोरं. दोन थर, अंगाच्या पूर्ण वजनानं. पक्षी गडद आणि आभाळ त्याच्यामागे गडद असं झालं की पाठ हरवते.

७. तकाकीचा काळा. दाट सुमीत विरघळलेला सरस मिसळून नखं, चोचीचं टोक आणि बाहुली दोनदा छापा. सरस कोमट ठेवा, थंड झाला की गोठतो. याहून वेगळी, जुनी रीत म्हणजे छापून वाळलेल्या काळ्याला पुढून घासून चमकवणं. त्यासाठी चित्राच्याच दिशेनं, न उलटवता कोरलेला वेगळा ठसा कागदाखाली ठेवावा लागतो.

८. शेवटी काराझुरी, रंगाशिवाय दाब. बर्फाच्या कडा आणि छातीची दोन-तीन पिसं खोल कोरून कोरड्या ठशावर ठेवा आणि बारेनच्या कडेनं किंवा, जुने कारागीर करत तसं, कोपरानं दाबा. हे आधी केलं तर पुढचे ठसे उठाव सपाट करून टाकतात.

अभ्रकाची पूड लावायची असेल तर ती पंखाच्या मोठ्या पिसांपुरतीच ठेवा. त्या जागी पातळ सरस छापा, ओला असतानाच पूड भुरभुरवा आणि वाळल्यावर मऊ ब्रशनं झटका. छातीवर लावली तर कोऱ्या कागदाचा पांढरेपणा मरतो.

जुळणी हलली तर

दर पाचव्या प्रतीला बुबुळ पाहा, कारण तिथली अर्ध्या मिमीची चूकही लगेच दिसते. सगळा रंग एकाच दिशेला सरकला असेल तर खाच दुरुस्त करा: कागद आत जायला हवा असेल तर खाचेची भिंत पटाशीनं किंचित छाटा, बाहेर यायला हवा असेल तर भिंतीला पातळ लाकडाची चीप चिकटवा. चित्राच्या एका टोकाला जुळतंय आणि दुसऱ्याला नाही, असं दिसलं तर खाचेला हात लावू नका. कागद सुकून आक्रसला आहे. गठ्ठा पुन्हा ओल्या तावांत दोन तास ठेवा.

छापलेल्या प्रती कोरड्या टिपकागदांत घालून सपाट फळीखाली ठेवा, जड वजन नको, उठाव बसेल. टिपकागद दोन-तीन तासांनी एकदा आणि मग रोज एकदा, असे तीन दिवस बदला. ठसे गार पाण्यानं ब्रश करून धुवा आणि सावलीत उभे वाळवा. उन्हात ठेवलेली फळी वाकते, आणि वाकलेल्या फळीवर आभाळ पुन्हा एकसारखं येत नाही.